माळवदावरची माती

मी मुरुमला सून म्हणून आले तेव्हा त्या घरात सगळे जण वाकून चालायचे, आणि मला वाटलं, काय संस्कारी माणसं आहेत! सोलापूरकडच्या माझ्या माहेरी कोणी कोणापुढं मान वाकवत नसे. त्यामुळं मला आधी कौतुक वाटलं आणि मग दडपण आलं. सासरे दुकानातून आले की वाकून आत यायचे, नवरा वाकून जेवायला यायचा, नणंद तर पार दुमडून पाण्याची घागर आत आणायची. मीही पदर सावरून वाकले. चार दिवसांनी पदर जरा मागं सरकला, वर पाहिलं, आणि कळलं की संस्काराचा काही संबंध नव्हता. डोक्यावर तुळई होती.

मुरुमची घरं तेव्हा माळवदाची. भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. पावसाळ्यात ही माती थोडी वाहून जाते, म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी नवी चढवायची. गावभर हेच चालायचं. पण शहाणी माणसं गेली तेवढीच माती चढवतात. आमच्या घराण्यात गेल्याच्या तिप्पट चढवायची रीत होती. सासऱ्यांच्या आज्यानं ती घातली, बापानं पाळली आणि सासऱ्यांनी तिचा धर्म केला. "आपलं माळवद कवाच गळलं न्हाय," हे ते पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगायचे. खरंच होतं ते. गळायला पाण्याला तेवढा वेळच मिळत नसे. मी आले तेव्हा वर दोन हात माती होती आणि तुळया मधोमध झोळीसारख्या खाली आल्या होत्या. जिथं तुळई कुरकुरायची तिथं सासरे एक टेकू लावायचे. असे सतरा टेकू मी मोजले, त्यात चुलीजवळचा धरला नाही, कारण त्यावर मी फडकी वाळत घालायची.

वरून छत खाली येत होतं, आणि खालची जमीनही गप्प बसलेली नव्हती. दर सणाला मुरूम टाकायचा, धुमसानं चोपायचा, वरून शेणानं सारवायचं. त्यामुळं ती बोटाबोटानं वर यायची. मधल्या सोप्यात उंची उरली होती तीन हात. दोन्हीकडून जागा आवळत चालली होती आणि मधे आम्ही चौघं स्वयंपाक करत होतो, जेवत होतो, शिवपूजा करत होतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यांना ते घर उंच असताना आठवत असेल, असं मला उगाच वाटायचं.

"थोडी माती काढून टाकली तर?" असं मी एकदा नवऱ्याला विचारलं. त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "असं पुन्हा बोलू नको," तो म्हणाला. "माती उतरवत्यात ती बुडालेल्या घराची."

तशी रीतच होती तिथं. घरात मागं कोणी उरलं नाही, वंश संपला, की भाऊबंद येऊन माळवदाची माती उतरवायचे आणि शेतात पसरायचे. जुनी माती खताला चांगली. ज्या घराची माती उतरली ते घर संपलं, असं लहान पोरालाही ठाऊक होतं. जिवंत माणसानं आपल्या घराची माती उतरवायची म्हणजे जिवंतपणी स्वतःचं तेरावं घालायचं. माझं तोंड बंद झालं. माझं तोंड फार वेळ बंद राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता नणंदेचं सांगते. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही अक्काच म्हणायची. माझ्याच वयाची, अठराच्या पुढं गेलेली, आणि त्या काळात अठरा म्हणजे उशीरच झालेला. ती घरात सगळ्यात उंच होती आणि सगळ्यात बुटकी दिसायची. तिची उंची तेराव्या वर्षी वाढायला लागली, आणि छत काही तिच्यासाठी थांबलं नाही. जसजशी ती वर गेली तसतशी ती पुढं वाकली. मान खाली, खांदे पुढं, पाठीला कमान. विहिरीवर गेली, देवळात गेली, मोकळ्या रानात गेली तरी तशीच. सदा खाली बघत असल्यामुळं गावातली माणसं ती पायांवरून ओळखायची. हरवलेली सुई तिलाच सापडायची. मला ती फार आवडायची. सासरी माझं असं जे काही होतं ते तीच होती.

तिला बघायला लोहाऱ्याची मंडळी आली. पोहे खाल्ले, माळवद कधी गळलं नाही हे ऐकलं, आणि आठ दिवसांनी निरोप धाडला: बाकी सगळं ठीक आहे, पण मुलीला कुबड आहे. त्याआधीही असाच एक निरोप आला होता. अक्का त्या दिवशी दिवसभर जोंधळे निवडत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "वैनी, मला कुबड हाय का गं?" मी म्हटलं, "तुला कुबड न्हाय, तुझ्या बापाला हाय, माळवदावर." ती हसली, पण नंतर रडली. मला इतका राग आला की त्या रात्री मी सासऱ्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही. त्यांनी ती तशीच खाल्ली, त्यांना कळलंही नाही.

मग परांड्याहून निरोप आला की माघात आमची माणसं मुलगी बघायला येतील. सासरे खडबडून जागे झाले. मुलगी दोनदा नाकारली गेली म्हणजे दोष कुठं तरी आहे, हे त्यांना पटलं होतं. त्यांनी खूप विचार करून शोधून काढलं की दोष भिंतींच्या रंगात आहे.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस, आणि आमचं गाव निजामाच्या मुलखात. रंग मिळायचा तो सोलापूरला, इंग्रजी मुलखात, आणि इकडं आणायचा तर करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावरून. माझा नवरा निळीच्या दोन पुड्या, पिवडी आणि एक रंगारी घेऊन आला. नाक्यावर निळीवर जकात बसली, रंगाऱ्यावर बसली नाही, एवढंच नशीब. हा रंगारी जत्रेतले रथ रंगवणारा. त्यानं सोप्याच्या भिंतीवर, नेमके डोळ्यांच्या उंचीवर, नऊ मोर काढले. डोळ्यांची उंची म्हणजे आमच्या वाकलेल्या डोळ्यांची. मोर सुरेख होते. रस्त्यावरची माणसं वाकून आत यायची, मोर बघायची आणि वाकूनच बाहेर जायची.

रंग वाळल्यावर सासऱ्यांनी गवंड्याला बोलावलं. म्हणजे आधी रंग आणि मग डागडुजी. म्हातारा गवंडी आत आला, ओळंबा सोडला, तुळईकडं पाहिलं, सतरा टेकूंकडं पाहिलं, आणि खाली बसला.

"मालक," तो म्हणाला, "दीड हात माती उतरवा. मधल्या तुळया बदलू. घर लई चांगलं हाय, लाकूड सागाचं हाय. पर त्याच्या डोस्क्यावर डोंगर हाय."

"माती उतरायची न्हाय," सासरे म्हणाले. "दुसरं काय असंल तर बोला."

"दुसरं काय असणार? वर जाता येत न्हाय तर काय खाली जायाचं?"

हे तो वैतागून बोलला होता. सासऱ्यांनी मात्र ते ऐकून मांडीवर थाप मारली. "खाली जाऊ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या सोप्याची जमीन खणायला सुरुवात झाली. गवंडी दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावायचा आणि पुन्हा कुदळ घालायचा. खांबाखालचे दगड हलवता येत नव्हते, म्हणून प्रत्येक खांबाभोवती मातीचा ओटा तसाच ठेवला आणि मधली जमीन दीड हात खाली नेली. उंबरा वर राहिला, सोपा खाली गेला. उंबरा ओलांडला की बारवेत उतरल्यासारखं चार पायऱ्या उतरायचं. नऊ मोर आता माथ्याच्या वर गेले आणि त्यांच्याखाली दीड हात उघडी कच्ची भिंत दिसायला लागली. सासऱ्यांनी रंगाऱ्याला परत बोलावलं आणि म्हणाले, मोर खाली आण. तो म्हणाला, काढलेला मोर खाली येत नाही. शेवटी तडजोड झाली. त्यानं नऊही मोरांचे पाय लांब केले. दीड दीड हाताचे पाय, तेही नीट जमिनीपर्यंत. मी आयुष्यात तसे मोर कुठं पाहिले नाहीत. शेजारची म्हातारी येऊन बघून गेली आणि जाताना नमस्कार करून गेली. कोणाला ते मला माहीत नाही.

इथवर मी सोसलं असतं. पण खणलेल्या मातीचं काय करायचं, हा प्रश्न आला. गवंडी म्हणाला, गल्लीत टाकू, कुणीतरी नेईल. सासरे म्हणाले, "घरची माती घराबाहेर? बापजाद्यांनी चोपलेली?" आणि त्यांनी ती सगळी माती टोपल्यांनी माळवदावर चढवली.

मी खोटं सांगत नाही. जमिनीतली दीड हात माती आमच्या डोक्यावर गेली. तुळया वीतभर आणखी खाली आल्या, टेकू सतराचे सव्वीस झाले. गवंडी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बहुतेक तो रडत होता.

सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची माझी रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर ते ऐकतील असं खांबाला सांगायचं. आमच्या घरात खांब आणि टेकू मिळून इतके झाले होते की ऐकणाऱ्यांची मला कधी वाण पडली नाही. मी चुलीजवळच्या टेकूला म्हटलं, "बाबा रे, खालची माती डोक्यावर घेऊन कुणाला जागा मिळती का? ही तर जित्या माणसांनी सोताला पुरून घ्यायची तऱ्हा झाली." सासऱ्यांनी ऐकलं आणि खाकरून बाहेर गेले. तेवढ्यात अक्का म्हणाली, "वैनी, असू दे. अप्पा माझ्यासाठीच करतायत." तेही खरं होतं, आणि त्यानंच मला जास्त राग येत होता.

गावात मात्र वेगळंच शिजत होतं. एक घर आतून खणतात, माती बाहेर येत नाही, ती वर जाते. याचा अर्थ कोणीही लावेल. अर्धं गाव म्हणालं, सरकारच्या लेव्हीपासून, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीपासून, जोंधळे लपवायला पेव खणलंय. उरलेलं अर्धं गाव म्हणालं, धन सापडलं आणि मातीत घालून माळवदावर नेलं. हे बोलणं वर गेलं आणि एका दुपारी गिरदावर, म्हणजे महसुलाचा साहेब, लाल तुर्की टोपी घालून दोन शिपायांसह आमच्या उंबऱ्यावर उभा राहिला. पायऱ्यांचा अंदाज नसल्यानं तो चारही पायऱ्या एकदम उतरला. टोपी मात्र डोक्यावर राहिली.

"क्या जी सेठ," तो धोतर धरून उभ्या असलेल्या सासऱ्यांना म्हणाला, "दफीना मिला क्या?"

"धन कसलं साहेब! पोरीसाठी खणलं. पोरीला नीट उभं राहाता येत नव्हतं म्हणून."

गिरदावरानं मोरांकडं पाहिलं, त्यांच्या पायांकडं पाहिलं, खांबांखालचे ओटे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की या घरात काहीही खरं असू शकतं असं त्याला वाटायला लागलं आहे. पण सरकारी माणूस. म्हणाला, "माळवद की मट्टी निकालो. देखेंगे."

"जीव घ्या साहेब, पर माती उतरायची न्हाय."

"तो फिर लड़की को बुलाओ. खड़ी करो. पंचनामा करेंगे."

मला वाटलं, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपेक्षा हा बरा, निदान पोहे तरी मागत नाही. अक्काला बोलावलं. दोन पंच वर उंबऱ्यात बसले. शिपायानं वेताची काठी घेऊन जमिनीपासून तुळईपर्यंत मोजलं: चार हात. मग अक्का मधोमध येऊन उभी राहिली. खाली बघत, खांदे पुढं, पाठीला कमान. तुळई आणि तिचं डोकं यांच्यात हातभराचं अंतर होतं.

गिरदावरानं मान वर करून ती हातभर जागा पाहिली. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "बेटी, अब तो जगा है. सीधी खड़ी हो जाओ."

अक्कानं मान जरा वळवून त्याच्या बुटांकडं पाहिलं. "सरळच उभी हाय की साहेब," ती म्हणाली.

तिला खरंच तसं वाटत होतं. मी दाराआडून तिच्याकडं बघत होते.    गिरदावरानं पंचनाम्यात काय लिहिलं ते माझ्या नवऱ्यानं मागून वाचून सांगितलं: धन नाही, धान्य नाही, मुलीच्या डोक्यावर हातभर जागा आहे, मुलगी ती वापरत नाही. सरकारदरबारी इतका खरा कागद मी दुसरा पाहिला नाही. जाताना तो माणूस सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

सासरे दोन दिवस दुकानात गेले नाहीत. माळवद कधी गळलं नाही हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सोप्यात एका ओट्यावर बसून ते अक्काला येता-जाता बघत राहायचे. बहुतेक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मीही खांबांशी बोलले नाही. माझ्या आयुष्यात तेवढंच एक शहाणपण झालं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, कपाळावर भस्माचे पट्टे तसेच ओले, आणि ते शिडी लावून माळवदावर चढले. गवंड्याला हाक मारली. पहिली टोपली त्यांनी स्वतः भरली आणि स्वतः गल्लीत ओतली.

पहिल्या टोपलीचा आवाज झाला तेव्हा शेजारची म्हातारी बाहेर आली. तिनं मातीकडं पाहिलं, वर पाहिलं, आणि हंबरडा फोडला.

दुपारपर्यंत दारात पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. मी किती सांगितलं, "अहो, कुणी न्हाय गेलं! सगळे हाइती!" तर त्या आणखी रडायच्या, म्हणायच्या, पोरीचं डोकं फिरलं दुःखानं. पुरुष माझ्या नवऱ्याला भेटून "धीर धरा" म्हणायचे आणि तो सवयीनं "व्हय व्हय" म्हणायचा. कोणीतरी जंगमस्वामींना बोलावून आणलं. त्यांनी विचारलं, कोण गेलं? कोणाला सांगता येईना, पण रडणं थांबेना. सासरे वरून ओरडून म्हणाले, "मी जिवंत हाय!" तेव्हा एक म्हातारा खालून म्हणाला, "व्हय, आमाला ठावं हाय, तुमीच मागं राहिलात." तिसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून, जिथून कुबडाचा निरोप आला होता, तिथूनही गाडी आली. ती माणसंही रडली. त्यांना मी पाणी दिलं, गूळ दिला नाही.

माती उतरली, गवंड्यानं मधल्या दोन खणांच्या फळ्या काढल्या आणि वाकलेल्या तुळया खाली उतरवल्या. सोप्यात आभाळ दिसायला लागलं. मोरांच्या लांब पायांवर ऊन पडलं. मी अक्काला रोज सकाळी एका खांबाला पाठ लावून उभी करायची. टाचा खांबाला, पाठ खांबाला, डोकं खांबाला. पहिल्या दिवशी डोकं खांबाला लागेचना. मी कपाळ धरून मागं ढकललं तर तिचे पाय थरथरायला लागले. "वैनी, सोड, पडल्यावानी होतंय. मागं कुणीतरी ओढतंय." मी म्हटलं, "मागं कुणी न्हाय, तूच हाइस." ती रडायची, मीही रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी करायची. बाहेर बायका रडत असल्यामुळं आमचं रडणं कोणाला वेगळं ऐकू जात नव्हतं.

आणि नेमकी आठव्या दिवशी परांड्याची मंडळी आली. या सगळ्या गोंधळात त्यांना पुढं ढकलायला आम्ही साफ विसरलो होतो. गल्लीत मातीचा ढीग, दारात रडणाऱ्या बायका, घराला छत नाही. मुलाची आई, तिचा भाऊ आणि स्वतः मुलगा, मोठा थोरला फेटा बांधलेला, गाडीतून उतरून उभे राहिले. मुलाची आई मोठ्या धीराची बाई. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि विचारलं, "कोण गेलं?"

सासरे शिडीवरून खाली आले. हात मातीचे, अंग मातीचं. मला वाटलं, आता ते रंगाचं सांगतील, लाकूड सागाचं आहे म्हणतील, काहीतरी झाकतील. दोनदा नकार आलेल्या पोरीचा बाप झाकणारच. पण ते हात जोडून म्हणाले, "कुणी गेलं न्हाय. माती म्याच उतरवली. माझ्या पोरीला या घरानं वाकवलं. म्हंजी म्याच वाकवलं. तुमी आलाय तर बघा, परत जायाचं तर जावा. पर कुबड न्हाय तिला."

बायकांचं रडणं थांबलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच ती गल्ली गप्प झाली.

"मुलीला बोलवा," मुलाची आई म्हणाली.

पाहुणे चार पायऱ्या उतरून आत आले आणि मोरांखाली बसले. अक्का पोह्यांचं ताट घेऊन आली ती नेहमीसारखीच, वाकून. ताट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. मी दारातून तिच्याकडं बघत होते, पण तिला कुठं दिसणार, ती खाली बघत होती. मुलाची आई तिच्याकडं बघत राहिली आणि मग साध्या आवाजात म्हणाली, "बाई, वर काय हाय बघ."

अक्कानं वर पाहिलं. वर काही नव्हतं. फळ्या नव्हत्या, तुळई नव्हती, नुसतं माघातलं आभाळ. आधी मान वर गेली, मग खांदे मागं गेले, मग पाठ. मणक्यांचा आवाज मला दारात ऐकू आला. ती वर येत होती, आणखी वर येत होती. मुलाची आई बसल्या जागी मान मागं मागं नेत होती. शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं, "अजून हाय का?"

"हाय," अक्का म्हणाली, आणि उरलेली उंची तिनं सरळ केली.

मुलगा शिष्टाचार म्हणून उठून उभा राहिला. फेट्यासकट तो तिच्या कानापर्यंत आला. मग तो लगेच बसला.

आठ दिवसांनी परांड्याहून पत्र आलं. मुलगी चांगली आहे, माणसं सरळ आहेत, घर हवेशीर आहे, पण मुलगी लांब आहे, आमच्या मुलाला शोभणार नाही. नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की मोठ्यानं वाचायला नको होतं. मी अक्काकडं बघायचं टाळलं. लग्न तिचं पुढं दोन वर्षांनी झालंच, आणि नवरा चांगला मिळाला. पण माझ्या मनात राहिलं आहे ते लग्न नाही, तो दिवस आहे.

सासऱ्यांनी पत्र मागून घेतलं. स्वतः वाचलं. "लांब आहे" या शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग कपाटातून कंट्रोलची साखर काढली, जी लढाईच्या दिवसांत सणालाही जपून काढायची, आणि बाजारात गेले. दुकानदारांना, हमालांना, आठ दिवस रडलेल्या बायकांना, सगळ्यांना चिमूट चिमूट साखर दिली. "सोयरीक जमली का?" कोणी विचारलं की सांगायचे, "न्हाय, मोडली. पोरगी लई उंच हाय म्हणाले."  माणसांनी साखर तोंडात टाकली आणि तरीही अभिनंदन केलं.

उरलेली साखर घेऊन ते घरी आले. अक्का सोप्यात उभी होती. "अप्पा," ती म्हणाली, "नकार आला ना? मग साखर कशाला?"

"आजवर तुला नाकारली ती माझ्या पापानं, अक्का," ते म्हणाले. "आज तुला तुझ्या उंचीनं नाकारली. ती तुझी हाय, देवानं दिलेली."

त्यांनी तिच्या तळहातावर साखर ठेवली. वडिलांनी साखर दिली की पाया पडायचं, ही आमची रीत, म्हणून ती खाली वाकायला लागली. सासऱ्यांनी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"न्हाय, पोरी," ते म्हणाले. "तू वाकू नको."